शनिवार तेल्यांची वंशावळ : बेने इस्रायल विवाहवादाचा अभ्यास (१९६१–६४)

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, देशभरातल्या विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. बेने इस्रायल या कोकणातून आलेल्या मराठी ज्यू समाजातल्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी ठरलं, तर त्या व्यक्तीच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. घराण्यात कुणी परधर्मी मिसळलं होतं का, कुणाचा घटस्फोट झाला असेल तर तो धर्मशास्त्राला धरून होता का, हे पाहावं. शंका उरलीच, तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावं.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं गेलं ती माणसं होती पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर. घरात मराठी बोलणारी, आमटीला कोकम घालणारी, आणि आपण इस्रायलची लेकरं आहोत हे कोकणातल्या कुणाही शेजाऱ्याला कधी पटवून द्यावं न लागलेली. त्यांना पहिल्यांदा पुरावा विचारला गेला तो ज्यूंच्याच देशात.

पूर्वजांचा अभिमान नेमका कशावर उभा असतो, हे या प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच दिसतं. अडीच-तीन वर्षं चाललेल्या या वादात एका बाजूला नियमाची चौकट होती आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे दाखवायला कागदाचा एक कपटाही नव्हता असे लोक होते. त्यांच्याकडे होत्या त्या फक्त रीती, आणि त्याही बाहेरच्याला विचित्र वाटाव्यात अशा.

कागद का नव्हता

समाजाची मूळकथा अशी. फार जुन्या काळी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. नवगावला त्या जागी आज स्मारक आहे. वाचलेली सात जोडपी गावोगाव पसरली आणि तेल गाळू लागली. हे कधी घडलं? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ग्रंथात हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. या मांडणीमागचा एक युक्तिवाद मला फार आवडतो: बेने इस्रायलांना हनुक्का हा सण ठाऊकच नव्हता. जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा तो सण इसवी सनापूर्वी १६४ च्या घटनेचा. त्याची आठवणच नाही, म्हणजे पूर्वज त्याआधी निघाले असणार. माहीत नसणं हाच इथे पुरावा ठरतो. इतिहासकार या तारखेला मान्यता देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. एका सणाच्या अभावावर दोन हजार वर्षं तोलता येत नाहीत.

कोकणातल्या वाचकाला या कथेत आणखी एक ओळख पटेल. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीबद्दलही सांगतात, सह्याद्रिखंडातली. सात जोडपी म्हणजे चौदाच. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपलं मूळ एकाच मापाने सांगावं, यात मला खोटेपणा दिसत नाही. आपण कुठून आलो हे सांगायला माणूस आसपासच्या गोष्टींचाच आधार घेतो.

आता कागदाचं. आपल्याकडे वंशावळ लिहून ठेवण्याची कारणं ठरलेली होती. वतन असेल तर वाटणीसाठी वंशावळ लागायची. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय आपल्या वहीत पणजोबा-खापरपणजोबांची नावं लिहून घ्यायचे. कोकणातल्या तेल्याला वतन कुठलं? आणि तो तेली इस्रायल असेल तर त्र्यंबकेश्वरच्या वहीत त्याचं नाव येणार कसं? म्हणजे ज्या दोन ठिकाणी महाराष्ट्रात सामान्य माणसाची कुळी कागदावर चढते, तिथे हा समाज सहसा गेलाच नाही. त्याच्यावर सहसा कुणी हक्काचा दावा लावला नाही, म्हणून त्याला दप्तर ठेवावं लागलं नाही. १९६२ च्या सूचनांमध्ये हे कुठेच लक्षात घेतलेलं नव्हतं.

कागदाऐवजी काय होतं

पहिली गोष्ट शनिवार. शनिवारी यांचा घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवार तेली. धर्माचं नाव नसलं तरी सुट्टीचा वार गावाच्या तोंडी होता, आणि तो शतकानुशतकं टिकला. आठवड्यातला एक दिवस कमाई सोडायची हे गरीब तेल्याला सोपं नव्हतं.

मग सुंता, आठव्या दिवशी. मग मासे: खवले आणि पर असलेले तेवढेच खायचे. या माशांची एक गोष्ट समाजात सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, त्याला ही मंडळी भेटली आणि संशय आला. त्याने बायकांकडे वेगवेगळे मासे रांधायला दिले. त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढून ठेवले आणि रहाबीची खात्री पटली. मग त्याने तिघांना धर्माचे पाठ देऊन काजी, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवणारे, केलं. रहाबी कधी आला यावर मतभेद आहेत, पण गोष्टीतली परीक्षा बघा. त्याने पोथी मागितली नाही, आजीचं नाव विचारलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला.

प्रार्थना म्हणाल तर हिब्रूतली एकच उरली होती, शमा इस्रायल. जन्माला, लग्नाला, मरणाला तीच. बाकी सण मराठी नावांनी आणि कोकणी जिन्नसांनी चालू राहिले. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं सुतक असलेल्या दिवशी वालाचं बिरडं. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, कारण मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. शनिवारच्या किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वचनाला, द्राक्षाची वारुणी मिळत नाही, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, उकळून गाळलेलं सरबत. यातलं काहीही कोणत्या पोथीत लिहून ठेवलेलं नव्हतं. सासूने सुनेला दाखवलं तेवढंच.

आणि मलिदा. हा जरा जवळून पाहायला हवा. पोहे भिजवून मोकळे करायचे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. परातीत त्याची रास, भोवती फळं, वर गुलाब किंवा सब्जाची डहाळी. घरातली आणि शेजारची माणसं भोवती बसतात, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, गाणं म्हणतात, मग आशीर्वचनं सुरू होतात. झाडाच्या फळावर एक, जमिनीतून येणाऱ्या फळावर दुसरं, सुगंधावर तिसरं. केळं इथे झाडाचं धरत नाहीत, जमिनीचं. हा नियम शुद्ध ज्यू धर्मशास्त्रातला आहे. म्हणजे परातीतले पोहे-खोबरं कोकणचं, मलिदा हे नाव दर्ग्याच्या फातिह्यातही ऐकू येणारं, आणि त्यावर म्हटली जाणारी वाक्यं पार जेरुसलेमची. निमित्त नवसाचं असतं. लग्न ठरलं, मूल झालं, परीक्षा पास झाली, नवं घर घेतलं, दुखण्यातून उठलं, की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे, एलियाहूचा टापा. प्रेषित एलियाहू रथातून स्वर्गाकडे जाताना इथे टेकला, त्याच्या खुणा खडकावर आहेत, अशी श्रद्धा. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात. एलियाहूचा उरूसही असतो, तू बिश्वात या ज्यूंच्या झाडांच्या सणादिवशी.

जगातले इतर ज्यूही एलियाहूला मानतात, पण त्याच्या नावाने पोह्यांची परात कुणी मांडत नाही. बाहेरून आलेल्या रब्बीने हे पाहिलं तर त्याला काय वाटेल याची कल्पना करता येते. आणि नेमकी हीच अडचण झाली.

अभिमानाची दुसरी बाजू

वादाकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील. समाजाच्या आत गोरे आणि काळे असे दोन भाग होते. ज्यांच्या घराण्यात आई परधर्मी होती असं मानलं जाई ते काळे. गोऱ्यांचा त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नव्हता. आजूबाजूच्या जातींत जे चाललं होतं तेच इथेही उतरलं. मुंबईत मग बगदादी ज्यू आले, ससून घराण्यासारखे धनिक, आणि तोच न्याय त्यांनी सगळ्या बेने इस्रायलांना लावला. एकोणिसाव्या शतकात दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये आडभिंत घालावी अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे इस्रायलच्या रब्बींनी नवीन काही शोधून काढलं नव्हतं. आईच्या बाजूने शुद्धता तपासायची तीच पट्टी मुंबईत बगदाद्यांच्या हातात होती आणि त्याआधी कोकणात गोऱ्यांच्या.

हे मी बेने इस्रायलांना दोष द्यायला लिहीत नाही. पूर्वजांचा अभिमान दोन तऱ्हांनी बाळगता येतो, आणि दोन्ही तऱ्हा एकाच समाजात, कधी एकाच घरात असतात. आपण काय पाळत आलो याचा अभिमान, आणि आपल्यात कोण मिसळलं नाही याचा अभिमान. पहिल्याने शनिवार सांभाळला. दुसऱ्याने काळे इस्रायल वेगळ्या पंगतीला बसवले.

वाद

भारतात एके काळी सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. १९४८ नंतर हजारोंनी ते इस्रायलला गेले. कुणी हाकलून दिलं म्हणून नव्हे. भारतात ज्यू म्हणून त्यांचा छळ कधीच झाला नाही. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, ते जुनी मशीद म्हणून ओळखलं जातं आणि मशीद बंदरच्या नावाशी जोडलं जातं. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आजही रोज गाड्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणाहून माणसं गेली ती श्रद्धेने, पूर्वजांच्या भूमीत जाऊन राहायचं म्हणून. तिथे सुरुवातीलाच काहींना इतकं परकं वाटलं की त्यांनी परत पाठवा म्हणून ठिय्या दिला आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं मुंबईला परतलीही. बाकीचे बेर शेवा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत रुजले.

मुलं मोठी झाली, सैन्यात गेली, कारखान्यात लागली, आणि मोरोक्को, इराक, पोलंडहून आलेल्या ज्यूंच्या मुलामुलींशी लग्नं ठरवू लागली. काही रब्बींनी ती लावायला नकार दिला. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न धार्मिक कचेरीतूनच होतं, नागरी विवाहाची सोय नाही, त्यामुळे रब्बी नाही म्हणाला की विषय संपला.

रब्बींची बाजूही समजून घेऊ, कारण ती केवळ द्वेषाची नव्हती. धर्मशास्त्राप्रमाणे विवाहित स्त्रीला रीतसर घटस्फोटपत्र मिळालं नाही आणि तिने दुसरं लग्न केलं, तर त्या संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि हा डाग पुढच्या पिढ्यांवरही राहतो. जो समाज शतकानुशतकं तुटून राहिला, ज्याला हे नियम ठाऊक नव्हते, त्यात असं घडलं नसेल कशावरून? प्रश्न शास्त्राच्या आत बिनतोड आहे. पण त्याचं उत्तर कोकण माहीत असलेल्या कुणीही दिलं असतं. बेने इस्रायलांमध्ये घटस्फोट जवळजवळ होतच नसत, विधवांचे पुनर्विवाहही विरळा. शेजारच्या हिंदू घरांची हीच रीत होती आणि यांनी ती उचलली होती. ही रीत बायकांसाठी निष्ठुर होती यात मला शंका नाही. तरी ज्या दोषाची रब्बींना धास्ती वाटत होती, तो दोष याच उसन्या रीतीमुळे समाजाला लागू शकला नाही. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बींच्या परिषदेनेच बेने इस्रायलांशी विवाहाला मनाई करण्याचं कारण नाही असं ठरवलं होतं. पण विरोध शमला नाही, आणि चार महिन्यांत मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्याकडून त्या चौकशीच्या सूचना निघाल्या. निस्सीम स्वतः बगदादचे.

आजीचं नाव विचारलं तर सांगता येईल, पणजीचंही. त्यामागे? सासरी गेल्यावर नाव बदलण्याची रीत, जन्माची नोंद नाही, त्या काळच्या दफनाच्या शिळेवर अक्षर नाही. जुनी नावंसुद्धा अबाजी, सामाजी, मुसाजी अशी. तेल अवीवमधल्या कारकुनाने ती वाचून काय ठरवायचं? आणि मुळात ही चौकशी फक्त यांचीच का? पोलंडच्या कुठल्या खेड्यातून आलेल्याला सात पिढ्यांचा दाखला कुणी मागत नव्हतं. समाजाला बोचलं ते हे. माहिती मागितली म्हणून कुणी चिडलं नाही. सूचनापत्रात एका समाजाचं नाव घालून तो संशयित ठरवला, याची ती चीड होती.

मग सभा झाल्या, निवेदनं गेली, मोर्चे निघाले, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकापोरांसह माणसं ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने निःसंदिग्ध भूमिका घेतली: बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, इतर ज्यूंहून कोणताही भेद न करता, आणि रब्बींनी वादाची कारणं दूर करावीत. त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनांमधून बेने इस्रायल हे नाव काढलं गेलं. ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी व्हावी, असा मजकूर त्या जागी आला.

निकालाकडे पाहताना

अनेकजण हा निकाल म्हणजे तडजोड मानतात, आणि काटेकोरपणे पाहिलं तर ती तडजोडच होती. चौकशीचा अधिकार गेला नाही, फक्त नाव गेलं. पुढे १९९० च्या दशकातही एका शहरातल्या रब्बींनी बेने इस्रायल विवाहांना आडकाठी केलीच. तरीही मला तो मोठा विजय वाटतो, आणि कारण समाजाने काय केलं नाही त्यात आहे. सोपी वाट होती. विधीपूर्वक स्नान करून नव्याने धर्मात घेतल्यासारखं करा आणि मोकळे व्हा, असं सुचवणारे होते. एका डुबकीचा प्रश्न. पण ती मारणं म्हणजे नवगावच्या किनाऱ्यापासून आतापर्यंत जे शनिवार पाळले ते ज्यूंचे नव्हते असं कबूल करणं. आपल्या आजीने दाराला मेझुझा, ती धर्मवचनाची गुंडाळी, लावला तो उगाच, असं म्हणणं. ते त्यांनी केलं नाही.

दुसरं, मलिदा सोडला नाही. संशयाखाली असलेला समाज सहसा आधी आपल्या वेगळ्या रीती लपवतो, बहुसंख्यांसारखा दिसू लागतो. इथे उलट झालं. इस्रायलमध्ये मलिद्याचे सोहळे वाढत गेले, आणि हैफाजवळ कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एलियाहूच्या गुहेत बेने इस्रायल परात घेऊन जाऊ लागले. खंडाळ्याच्या खडकाची जागा त्या गुहेने घेतली असं नाही; आता त्यांच्याकडे दोन्ही आहेत. १९८५ मध्ये तिथे मायबोली हे मराठी नियतकालिक सुरू झालं. महाराष्ट्र दिनही साजरा होतो. ज्या मराठीपणामुळे त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, ते मराठीपण त्यांनी झाकून ठेवलं नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवलं की बेने इस्रायलांच्या वंशात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्हींचा मोठा वाटा आहे, आणि ते मिश्रण अंदाजे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं आहे. आईकडून येणारा वारसा बराचसा इथला. समाजात हे वाचून आनंद झाला, आम्ही म्हणत होतो ते खरं ठरलं म्हणून. तो आनंद मला कळतो. पण त्याच निष्कर्षात गोऱ्यांच्या शुद्धतेच्या दाव्यालाही उत्तर आहे, आणि त्याकडे तितकं लक्ष जात नाही. कोकणातल्या बायका या वंशात आहेत, सगळ्यांच्याच. पोहे, खोबरं आणि वाल परातीत कुठून आले, हा प्रश्न मग पडूच नये.

महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी, २०१६ मध्ये, ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. राज्यात आता काही हजारच उरलेत, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. अलिबागच्या इस्रायल आळीत मोजकी घरं. रायगडमधल्या लहान सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड होतं, कधी मुंबईहून माणसं बोलवावी लागतात. या गावांतल्या जुन्या दफनभूमींची मोजणी, शिळांवरच्या मराठी-हिब्रू नोंदींची छायाचित्रं आणि म्हाताऱ्या माणसांकडून सणांची कृती लिहून घेणं हे काम कुणा एका समाजाचं नाही. ज्या गावांची नावं ही माणसं आडनाव म्हणून दिमोनापर्यंत घेऊन गेली, त्या गावांच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनीही त्यात हात घालावा.